मिसरची दैवते आणि ख्रिस्ती कथा : उसनवारीचा वाद

नाताळ जवळ आला की आमच्या काही तरुण सभासदांकडून एक यादी हटकून आमच्या हाती येते. पूर्वी ती कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातून उतरवून घेतलेली असे. अलीकडे ती मोबाइलवरून येते आणि सोबत चित्रेही असतात. यादीचा आशय असा : प्राचीन मिसर देशातील, म्हणजे इजिप्तमधील, होरस हा देव २५ डिसेंबरला कुमारिकेच्या पोटी जन्मला, त्याला बारा शिष्य होते, त्याने मेलेल्यास उठविले, त्याला क्रूसावर चढविण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी तो पुनरपि उठला. सबब ख्रिस्ताचे चरित्र ही होरसाच्या चरित्राची नक्कल होय आणि ख्रिस्ती धर्मातील सारे गूढ इजिप्तच्या पुरोहितांच्या गुप्त विद्येतून उचललेले आहे. ही यादी पत्रिकेत छापावी, असा आग्रह असतो.

आम्ही ती आजवर छापलेली नाही. छापण्यास कोणाची भीती आहे म्हणून नव्हे, तर तिच्यातील बहुतेक विधाने इजिप्तच्या कोणत्याही लेखात सापडत नाहीत म्हणून. तथापि एवढे सांगून हा विषय संपत नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथांवर व ख्रिस्ती आचारांवर इजिप्तचे काही ऋण आहे, आणि ते विद्वानांनी पुराव्यानिशी दाखविलेले आहे. यादीच्या गलबल्यात ते खरे ऋण मात्र झाकून जाते.

ही यादी ज्या ग्रंथपरंपरेतून निघाली, तिच्यात एक नाव आपल्या घरचे आहे, हे बहुधा आमच्या तरुण मित्रांस ठाऊक नसावे. कर्सी ग्रेव्ह्‌ज या अमेरिकन लेखकाने १८७५ साली जगातील सोळा क्रूसारोपित तारणहारांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या सोळांत भगवान श्रीकृष्णाची गणना आहे! श्रीकृष्णास क्रूसावर खिळले, असे सांगणारा एकही श्लोक महाभारतात, हरिवंशात किंवा भागवतात नाही. जरा नावाच्या व्याधाचा बाण पायास लागून प्रभासक्षेत्री भगवंतांनी देह ठेवला, ही मौसलपर्वातील कथा आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. कुमारिकेच्या पोटी जन्म झाला म्हणावे, तर देवकीचा तो आठवा पुत्र. ज्या देवाची कथा आजही कोट्यवधी लोकांच्या मुखी आहे, त्याच्याविषयी जो लेखक असे लिहितो, तो होरसाविषयी काय लिहील? श्रीकृष्णाविषयीची चूक आपण तरी दाखवून देऊ शकतो. होरसाच्या बाजूने उठून बोलणारा भक्त आज उरलेला नाही.

होरसाच्या यादीस खरा आकार दिला तो जेराल्ड मॅसी या इंग्रज कवीने. १८२८ साली एका गरीब घरात जन्मलेला, स्वतःच्या कष्टाने शिकलेला, मजुरांच्या चळवळीत वावरलेला आणि पुढे प्रेतविद्येच्या नादी लागलेला हा गृहस्थ होता. इजिप्तवरील त्याचा शेवटचा प्रचंड ग्रंथ १९०७ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. परिश्रमांविषयी त्यास दोष देता येणार नाही. परंतु शब्दांचे उच्चार जुळले की अर्थ जुळला, चित्रातली मांडणी सारखी दिसली की कथा एकच, अशी त्याची पद्धत होती. त्याच्यामागून ॲल्विन बॉइड कून या थिऑसफिस्ट लेखकाने, २००४ साली कॅनडातील टॉम हार्पर यांनी आणि २००७ साली ‘झाइटगाइस्ट’ या चित्रपटाने तीच विधाने अधिकाधिक ठाम शब्दांत मांडली. मोबाइलवरील यादी म्हणजे त्या चित्रपटाचेच पिल्लू आहे.

आता इजिप्तचे स्वतःचे लेख काय सांगतात ते पाहू. ओसायरिस, इसिस आणि होरस यांची कथा सलग सांगणारे एखादे पुराण फेरोंच्या काळातील हाती आलेले नाही. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडच्या भिंतींवर, म्हणजे इ. स. पू. २४व्या शतकात, कोरलेल्या मंत्रांपासून तिचे तुकडे विखुरलेले मिळतात. अथपासून इतिपर्यंतची कथा प्लूटार्क या ग्रीक ग्रंथकाराने इ. स. दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिली आहे. ती अशी : ओसायरिस हा धर्मशील राजा. त्याचा मत्सरी भाऊ सेथ त्याला पेटीत कोंडून नदीत सोडतो. पुढे त्याच्या देहाचे चौदा तुकडे करून ते देशभर फेकून देतो. पतिव्रता इसिस रानोमाळ हिंडून ते तुकडे जमविते. एक तुकडा मात्र माशांनी गिळलेला असतो. अबायडोस व डेन्डेरा येथील मंदिरांतील शिल्पांत इसिस घारीचे रूप घेऊन मृत पतीच्या देहावर उतरलेली दाखविली आहे; त्या संयोगातून होरस जन्मतो. नाईलच्या दलदलीत, पपायरसच्या बेटात, ती त्याला सेथच्या नजरेआड वाढविते. मोठेपणी तो सेथशी झुंजून बापाचे राज्य परत मिळवितो. ओसायरिस मात्र या लोकी परतत नाही. तो पाताळाचा, मृतांचा राजा होतो.

पतीच्या देहापासून झालेल्या या गर्भधारणेस कुमारीजन्म म्हणता येत नाही. शिष्यांचा प्रसंग या कथेत मुळीच नाही; होरसाचे चार पुत्र मात्र प्रसिद्ध आहेत, आणि मृताची आतडी, यकृत इत्यादी ठेवण्याच्या चार पात्रांचे रक्षण करणे हे त्यांचे काम. क्रूसाचा तर मागमूसही नाही. होरसाच्या मरणसदृश अवस्थेची एक कथा खरोखर आहे, आणि ती सुंदर आहे. मेटर्निक शिला या नावाने ओळखला जाणारा इ. स. पू. चौथ्या शतकातील एक शिलालेख न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्यात बाळ होरसास विंचू चावतो, तो निपचित पडतो. इसिस असा आक्रोश करते की सूर्याची नौका आकाशात थबकते, आणि थॉथ देव खाली येऊन मंत्राने विष उतरवितो. अशा शिलांवर पाणी ओतून ते विंचूसर्पांच्या दंशावर पाजीत असत. आपल्याकडील तीर्थाची येथे कोणासही आठवण होईल. पण विष उतरणे आणि क्रूसावरील मरणानंतर तिसऱ्या दिवशी उठणे यांत जे अंतर आहे, ते वाचकांच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही.

२५ डिसेंबरविषयी थोडा न्याय यादीकर्त्यांसही दिला पाहिजे. इसिसने बाळ होरसास दक्षिणायनाच्या अखेरीच्या सुमारास जन्म दिला, असे प्लूटार्क एके ठिकाणी म्हणतो. परंतु चारही शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची तिथीच दिलेली नाही, मग नक्कल कशाची? अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट इ. स. २००च्या सुमारास सांगतो की काही लोक ती तिथी इजिप्शियन पाखोन महिन्याच्या २५ तारखेस, म्हणजे २० मेच्या सुमारास, मानीत. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना उल्लेख रोम येथील इ. स. ३५४च्या एका पंचांगवजा संग्रहात मिळतो. सणाच्या तिथीवर सूर्यपूजेचा किंवा अयनदिनाचा परिणाम झाला की काय, हा वाद आजही चालू आहे. पण तो चौथ्या शतकातील सणाचा वाद आहे, ख्रिस्तचरित्राच्या उगमाचा नव्हे.

लक्सॉर येथील मंदिरातील शिल्पपटाचाही दाखला वारंवार देण्यात येतो. देवदूताचा निरोप, गर्भधारणा, जन्म आणि पूजन ही चारी दृश्ये तेथे कोरलेली आहेत, असे सॅम्युएल शार्प यांनी १८६३ साली लिहिले आणि मॅसीने ते उचलले. तो शिल्पपट होरसाचा नाहीच. तो तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या जन्माचा आहे. आमोन देव राजाचे रूप घेऊन राणीच्या महालात येतो, त्याच्या सुगंधाने ती जागी होते, आणि पुढे काय घडते हे तेथील लेखात आडपडदा न ठेवता दिलेले आहे. चित्र पाहिले, पण शेजारची अक्षरे वाचली नाहीत, म्हणून हा घोटाळा झाला.

मग खरी उसनवारी कशी दिसते? तिचे एक निखालस उदाहरण बायबलच्या जुन्या करारात आहे. आमेनेमोपे नावाच्या इजिप्शियन लेखनिकाचा उपदेशग्रंथ ब्रिटिश म्युझियममधील पपायरसावरून वॉलिस बज यांनी १९२३ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने दाखवून दिले की नीतिसूत्रांच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायापासूनचा एक भाग या ग्रंथाशी जुळतो. गरिबास लुबाडू नको, तापट माणसाची संगत धरू नको, शेताची खूण सरकवू नको, असे उपदेश दोन्हीकडे जवळजवळ ओळीने येतात. धनास पंख फुटून ते उडून जाते हा दृष्टान्तही दोन्हीकडे आहे. इजिप्तमध्ये ते हंसासारखे उडते, इस्राएलात गरुडासारखे. आणखी मौज अशी की हिब्रू संहितेत एका जागी एक शब्द दुर्बोध होता आणि भाष्यकारांनी त्याचे नाना अर्थ केले होते. आमेनेमोपेचे अध्याय तीस आहेत हे कळताच तो शब्द ‘तीस’ असा वाचता येतो हे ध्यानी आले. येथे ग्रंथ हाती आहे, त्याचा काळ हिब्रू ग्रंथाच्या पूर्वीचा आहे, दोन्ही देश शेजारचे, आणि साम्य केवळ कल्पनेचे नसून क्रमाचे व शब्दांचे आहे. ख्रिस्ती पंडितांपैकीही बहुतेकांनी हे ऋण मान्य केले आहे. कोणाच्या श्रद्धेस त्यामुळे तडा गेल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे उदाहरण यापेक्षा नाजूक आहे, आणि आम्हांस ते अधिक मोलाचे वाटते. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशूने एक दृष्टान्त सांगितला आहे. एक श्रीमंत जांभळी व तलम वस्त्रे लेऊन रोज चैन करी; त्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी पडलेला असे आणि कुत्री त्याचे फोड चाटीत. दोघे मेले. भिकारी आब्राहामाच्या उराशी गेला, श्रीमंत ज्वाळांत तळमळत राहिला. आता इजिप्तची कथा पाहा. सेत्ने नावाचा राजपुत्र आपला बाल पुत्र सि-ओसिरे याच्यासह दोन अंत्ययात्रा पाहतो. श्रीमंताचे प्रेत मोठ्या आक्रोशात व थाटामाटात चाललेले. गरिबाचे प्रेत चटईत गुंडाळून नेलेले, मागे रडणारे कोणी नाही. श्रीमंताचे भाग्य थोर, असे बाप म्हणतो. मुलगा म्हणतो, तुमची गती त्या गरिबासारखी होवो. बाप चिडतो, तेव्हा मुलगा त्याला पाताळात नेतो. तेथे पापपुण्याच्या तराजूपुढे निकाल लागलेला असतो. त्या श्रीमंताची तलम वस्त्रे आता गरिबाच्या अंगावर आहेत, तो ओसायरिसाजवळ उभा आहे. आणि पाताळद्वाराची खुंटी श्रीमंताच्या डोळ्यात रोवलेली असून दार हलले की तो किंचाळतो.

ही कथा ज्या पपायरसावर आहे, त्याच्या दुसऱ्या बाजूस इ. स. ४६-४७ सालातील जमिनीची नोंद आहे, म्हणजे कथेची ही प्रत साधारण त्याच शतकातली. १९१८ साली ह्यूगो ग्रेसमान यांनी सुचविले की ही कथा अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांमार्फत पॅलेस्टाइनात पोहोचली असावी. यहुद्यांच्या ताल्मुदातही तिचे एक रूपान्तर आहे. हे संभवनीय आहे. परंतु दृष्टान्ताचा शेवट पाहिला पाहिजे. श्रीमंत विनवितो की लाजरास माझ्या पाच भावांकडे पाठवा, मेलेल्यांतून कोणी जाऊन सांगितले तर ते सुधारतील. आब्राहाम नकार देतो. मोशे आणि संदेष्टे यांचे जे ऐकत नाहीत, ते मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. इजिप्तच्या कथेत नेमके उलट आहे : पाताळ दाखविणारा तो बालक स्वतःच पुन्हा जन्म घेऊन आलेला एक जुना मृत मांत्रिक असतो, हे शेवटी उघड होते. म्हणजे कथा जरी नाईलकाठची असली, तरी जे चमत्कारिक साधन तिचा प्राण, त्यालाच येशूने दार लावले. उसनवारी मान्य केल्यावरच ही गोष्ट दिसते. ‘नक्कल, नक्कल’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यास ती दिसत नाही, आणि उसनवारी मुळीच नाही म्हणणाऱ्यासही नाही.

उसनवारीच्या आरोपाची झळ आपणांसही लागलेली आहे. १८६७च्या सुमारास आल्ब्रेख्ट वेबर यांनी कृष्णजन्माष्टमीचा उत्सव आणि बाळकृष्णास स्तनपान देणाऱ्या मातेचे चित्र ख्रिस्ती मूळातून आले, असे प्रतिपादन केले. १८६९ साली लोरिन्सर यांनी गीतेतील वचने नव्या करारातून घेतल्याची यादी दिली. यादीच ती! काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७५ साली गीतेच्या इंग्रजी पद्य भाषान्तरास जोडलेल्या निबंधात तिचे खंडन केले, आणि लोकमान्यांनी गीतारहस्याच्या परिशिष्टात या प्रश्नास स्वतंत्र प्रकरण दिले. पुढे ग्वाल्हेर संस्थानात, विदिशेजवळच्या बेसनगर येथील स्तंभावरील लेख १९०९ साली उजेडात आला. तक्षशिलेहून आलेला ग्रीक वकील हेलिओदोरस याने वासुदेवास देवाधिदेव म्हणून तो गरुडध्वज उभारला, आणि तोही ख्रिस्तापूर्वी सुमारे शंभर वर्षे. वासुदेवभक्ती ख्रिस्ती प्रभावाची, हे म्हणणे तेथेच संपले. मात्र त्या स्तंभावर बाळकृष्णाचा उल्लेख नाही. म्हणूनच डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे व्युत्पन्न पंडित १९१३ साली असे लिहू शकले की गोकुळातील बालदेवाची कथा आभीरांनी बाहेरून, कदाचित ख्रिस्ती गोष्टींसह, आणली असावी. त्यांच्या या मताविरुद्ध कंसवधाचा पतंजलीच्या महाभाष्यातील उल्लेख ठेवावा लागतो, आणि आमच्या मते तो भारी ठरतो. माता बालकास पाजते, एवढ्यावरून इसिस, मरिया व देवकी यांची एक साखळी जोडावयाची, तर जगातील कोणती माता तिच्यातून सुटेल? आपल्या बाबतीत जो पुरावा आपण मागितला, तोच होरसाच्या यादीकडे मागावा लागतो.

गुप्तविद्येचा आरोप तर फार जुना आहे. केल्सस नावाच्या तत्त्वज्ञाने इ. स. १७८च्या सुमारास लिहिले की येशू गरिबीमुळे इजिप्तमध्ये मोलमजुरीस गेला, तेथे जादू शिकला आणि परत येऊन स्वतःस देव म्हणवू लागला. त्याचे पुस्तक नष्ट झाले. ओरिजेनने सुमारे सत्तर वर्षांनी त्यास दिलेल्या उत्तरात त्याची वाक्ये शिल्लक राहिली. मत्तयाच्या शुभवर्तमानात आईबाप तान्ह्या येशूस घेऊन हेरोदाच्या भयाने इजिप्तला पळाल्याची कथा आहे. केल्ससने तिलाच दुसरे वळण दिलेले दिसते.

यानंतरचा प्रकार अधिक मनोरंजक आहे. फ्लॉरेन्सचे धनाढ्य कोसिमो दे मेदिची यांच्या हाती १४६०च्या सुमारास ग्रीक हस्तलिखितांची एक पोथी आली. ती हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे त्रिवार थोर हर्मीस, या इजिप्तच्या आद्य ऋषीची समजत. कोसिमो यांनी फिचिनो या पंडितास प्लेटोचे भाषान्तर बाजूस ठेवून आधी ही पोथी लॅटिनात आणावयास लावली, आणि १४६३ साली ते काम झाले. या पोथीत ईश्वराच्या शब्दाविषयी, त्याच्या पुत्राविषयी जी वाक्ये आहेत, ती मोशेच्या काळची मानली जात. सिएनाच्या मोठ्या चर्चच्या फरसबंदीवर १४८८ साली या हर्मीसची आकृती बसविली असून खाली त्यास मोशेचा समकालीन म्हटले आहे. आजही ती तेथे आहे. ख्रिस्ती धर्माचे मूळ इजिप्तच्या गुप्तज्ञानात आहे, ही कल्पना अशी चर्चच्या जमिनीवरच कोरलेली होती! १६१४ साली आयझॅक कॅसॉबॉन यांनी भाषेच्या आधारे सिद्ध केले की ही ग्रीक मोशेच्या काळची असणे शक्य नाही. ग्रंथ ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांतले आहेत. अलीकडच्या संशोधनाने या निकालास थोडी मुरड घातली. इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ साली मिळालेल्या पोथ्यांत हर्मीसचे काही ग्रंथ कॉप्टिक भाषेत आहेत, आणि त्यांत अस्सल इजिप्शियन धर्मविचार झिरपला आहे असे आता मानतात. परंतु काळ मागे गेलेला नाही. जे उगमस्थान म्हणून दाखविले जात होते, ते ख्रिस्ती धर्माचे समकालीन भावंड निघाले.

खालच्या थरावर मात्र देवघेव मोकळेपणाने चालली होती. पॅरिस येथील चौथ्या शतकातील एका मोठ्या जादूच्या पपायरसात भूत उतरविताना ‘हिब्रूंचा देव येशू’ अशी शपथ घातली आहे, आणि घालणारा ख्रिस्तीही नाही, यहुदीही नाही. उलट इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या कॉप्टिक मंत्रांत पोटदुखीवर होरस आणि त्याची आई इसिस यांची गोष्ट कित्येक शतके म्हटली जात असे. आपल्याकडील शाबरी मंत्रांत कोणकोणत्या धर्मांची नावे शेजारी येतात, हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांस याचे नवल वाटू नये.

चिन्हांचेही असेच. अलेक्झांड्रियातील सेरापिस देवाचे भव्य मंदिर ३९१च्या सुमारास ख्रिस्ती जमावाने पाडले. सॉक्रेटिस नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की तेथील दगडांवर क्रूसासारखी चिन्हे आढळली, आणि ती आमची, ती आमची, असा दोन्ही पक्षांत वाद झाला. चित्रलिपी जाणणाऱ्या काही नवख्रिस्ती लोकांनी सांगितले की या चिन्हाचा अर्थ ‘येणारे जीवन’. ते चिन्ह बहुधा अंख असावे. त्याचा अर्थ ‘जीवन’ असाच आहे. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांनी पुढे ते क्रूसाच्या जागी आपल्या कापडांवर व थडग्यांवर उघडपणे वापरले. पाजणाऱ्या मरियेच्या चित्रांविषयी विद्वानांत एकमत नाही : इसिसची तशी चित्रे व मूर्ती विपुल आहेत, तर इजिप्तच्या मठांतील मरियेची चित्रे त्यानंतरच्या शतकांतील असून मधले दुवे थोडे आहेत.

फिले बेटावरील इसिसचे मंदिर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने बंद झाले आणि तेथेच चर्च बसविण्यात आले. चित्रलिपीतील ज्ञात असलेला अखेरचा लेखही त्याच मंदिरात, ३९४ सालच्या ऑगस्ट महिन्यातला. त्यानंतर ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही. भाषा मात्र मेली नाही. ग्रीक अक्षरांच्या वेषात, कॉप्टिक या नावाने, ती इजिप्तच्या चर्चमध्ये राहिली. त्या चर्चच्या पंचांगातील पहिला महिना अजूनही थॉथ देवाच्या नावाचा आहे आणि तिसरा हाथोर देवीच्या. शाम्पोलियों यांनी पॅरिसमध्ये एका कॉप्टिक धर्मगुरूकडून ती भाषा शिकून घेतली होती, आणि १८२२ साली चित्रलिपीचे कोडे त्यांनी सोडविले ते तिच्याच बळावर. विंचू चावलेल्या बाळ होरसाची आणि सूर्याची नौका थांबविणाऱ्या इसिसची गोष्ट आपणांस आज वाचता येते, ती ख्रिस्ती उपासकांनी दीड हजार वर्षे जिभेवर ठेवलेल्या शब्दांमुळे.